मांडवातला परका आणि मांडवाबाहेरचे आपण

भारतीय लग्नाला हजेरी लावून गेलेल्या परदेशी पाहुण्याचा वृत्तान्त हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानला पाहिजे. कधी तो प्रवासवर्णनातले एक प्रकरण असतो, कधी पत्रसंग्रहातले एक पत्र, कधी रविवारच्या पुरवणीतला सचित्र लेख. साचा बहुधा ठरलेला. पाहुणा मांडवात येतो, रंग पाहून दिपतो, मंत्र त्याला कळत नाहीत, जेवण तिखट लागते, यजमान प्रेमळ निघतात, नवरी दागिन्यांनी वाकलेली असते. आणि अखेरीस पाहुणा सांगतो की, या प्राचीन देशाचा आत्मा आज मला दिसला. आपल्याकडचा प्रस्थापित वाचक हे सारे मोठ्या कौतुकाने वाचतो. परक्याने केलेली स्तुती त्याला प्रमाणपत्रासारखी वाटते.

हा पाहुणा किती अचूक पाहतो, कुठे चुकतो, याचा काथ्याकूट पुष्कळ झाला आहे. त्याने सप्तपदीला काय म्हटले, अक्षतांचा अर्थ काय लावला, यावर विद्वान हसले आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. या पाहुण्याला मांडवात खुर्ची कोणी दिली, कुठे दिली, आणि त्या खुर्चीवरून कोण दिसत नाही? दलित वाचकाने या वाङ्मयाची समीक्षा करायची तर ती येथून केली पाहिजे.

आधी थोडा इतिहास. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने हिंदुस्थानावर आपला ग्रंथ लिहिला. त्यात विवाहावर प्रकरण आहे. पण त्याच ग्रंथात दोन गोष्टी अशा आहेत की, पुढच्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांनी त्या एकत्र नोंदवल्या. पहिली ही की, येथले लोक परकीयाला म्लेंच्छ म्हणतात आणि त्याच्याशी सोयरीक, त्याच्याबरोबर बसणे-उठणे, खाणे-पिणे वर्ज्य मानतात. दुसरी ही की, चार वर्णांच्या खाली अंत्यज आहेत, त्यांचे आठ व्यवसाय आहेत, आणि ते गावाजवळ राहत असले तरी गावाबाहेर राहतात. म्हणजे परका आणि अंत्यज हे दोघेही पंगतीबाहेरचे, हे त्याने हजार वर्षांपूर्वी पाहून ठेवले होते.

पुढे काय झाले? फ्रेंच मिशनरी आबे दुबुआ १७९२ च्या सुमारास दक्षिणेत आला आणि १८२३ पर्यंत येथे राहिला. एतद्देशीयांसारखा पोशाख केला, त्यांच्यासारखे राहिला. हिंदूंच्या चालीरीतींवरचे त्याचे हस्तलिखित १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतले, १८१६ साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. या ग्रंथात ब्राह्मणी विवाहाचे वर्णन दिवसागणिक, विधीगणिक केलेले आहे. परिया आणि चांभार यांच्यावरही प्रकरण आहे. पण ते वेगळे. लग्न एका भागात आणि अस्पृश्य दुसऱ्या भागात. एकच गाव, एकच काळ, पण ग्रंथरचनेत दोघांची गाठ पडत नाही. वाड्यातल्या लग्नासाठी मेलेले ढोर ओढणारा, कातडे कमावणारा माणूस त्या लग्नात कुठे उभा होता, हे वाचकाला जुळवून घ्यावे लागते. गावकुसाची भिंत अशी ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतही उभी राहते, आणि ती उभारणारा येथे परका लेखक आहे, हे विशेष.

याच दुबुआने आणखी एक नोंद केली आहे. गोमांस खाणारे, परियांना घरी चाकरीस ठेवणारे युरोपियन उच्चवर्णीयांच्या मनात तिरस्कारास पात्र होते. मग शंभर-दीडशे वर्षांत हाच युरोपियन मांडवाच्या पहिल्या रांगेत कसा येऊन बसला? त्याने गोमांस सोडले होते काय? धर्मशास्त्राने आपला निवाडा फिरवला होता काय? तसे काहीच घडले नाही. त्याच्या हाती राज्य आले, एवढेच घडले. विटाळ हा ईश्वरी नियम असता तर तो साहेबाच्या बुटालाही लागला असता. तो सत्तेपुढे वाकला, याचा अर्थ तो सत्तेचाच नियम होता. परदेशी पाहुण्याची मांडवातली खुर्ची ही म्हणूनच आमच्या दृष्टीने मोठी पुराव्याची वस्तू आहे. अस्पृश्यता मोडता येत नव्हती, असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी या खुर्चीकडे बोट दाखवून उत्तर द्यावे.

आता या वाङ्मयातले एक उत्तम पुस्तक घेऊ. फॅनी पार्क्स ही वेल्श बाई १८२२ साली भारतात आली, अलाहाबादला कित्येक वर्षे राहिली. १८५० साली तिचे दोन खंडांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच तिने आपला हेतू सांगितला आहे : चित्रमय दृश्यांच्या शोधात निघालेली यात्रिक. १८३५ साली ती कासगंजला कर्नल गार्डनरच्या घरी लग्नाला गेली. गार्डनरची नात आणि मोगल घराण्यातला एक शाहजादा यांचे ते लग्न. बाई असल्यामुळे तिला जनान्यात प्रवेश मिळाला, आणि पुरुष प्रवाशांना जे कधीच दिसले नव्हते ते तिने लिहिले. लेखिका म्हणून तिची योग्यता मी कमी लेखत नाही. तिला गुलामी दिसत नव्हती असेही नाही. इंग्लंडच्या कायद्याने विवाहित स्त्रीला कोणत्या दास्यात ठेवले आहे, हे तिने आपल्या पुस्तकात सतीच्या चालीशी तुलना करून लिहिले आहे. एतद्देशीय नोकरांच्या कामांची यादीही तिच्याकडे आहे. पण त्या यादीतला माणूस लग्नाच्या वर्णनात मध्यभागी कधी येत नाही. चित्राच्या शोधात निघालेल्या डोळ्याला चौकट लागते, आणि चौकट नेहमी वाड्याच्या मापाची असते. मशालीचा उजेड चित्रात येतो, मशाल धरणारा हात येत नाही.

कासगंज हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

या साऱ्या वाङ्मयाच्या समोर मी एकच पुस्तक ठेवतो. ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ १९९७ साली प्रसिद्ध झाले. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातले बरला हे गाव. त्यागी जमीनदाराच्या मुलीचे लग्न. चूहडा जातीच्या आईबापांनी त्या लग्नासाठी दहा-बारा दिवस राबून काम केलेले. वरात जेवत असताना आई दोन लहान लेकरांना घेऊन टोपली ठेवून दाराबाहेर बसली आहे. वऱ्हाड जेवून गेल्यावर ती लेकरांसाठी पत्रावळीवर थोडे अन्न मागते. उष्ट्याने भरलेल्या टोपलीकडे बोट दाखवून यजमान तिला तिची पायरी आठवून देतो. ती माउली टोपली तिथेच उपडी करते आणि पुन्हा त्या दारात जात नाही. पुस्तकाचे नाव या उष्ट्यावरून आले आहे, आणि आत्मभानाचा पहिला धडाही या लग्नातूनच आला आहे.

हाही लग्नाचाच वृत्तान्त आहे. पाहुण्याच्या पुस्तकात जे असते ते सारे यात आहे : वरात आहे, पक्वान्न आहे, यजमान आहे. फरक उभे राहण्याच्या जागेचा आहे. पाहुणा परका असून आत आहे. ही बाई त्याच गावची असून बाहेर आहे. पाहुण्याने लग्नाला हात लावलेला नाही तरी ते त्याला ‘आपले’ म्हणून दाखवले जाते. या बाईने अंगण झाडले तरी ते तिचे होत नाही. याच पुस्तकात ‘सलाम’ची चाल आली आहे. नव्या नवरदेवाने सवर्णांच्या दारोदार सलाम करीत हिंडायचे आणि मिळेल ती जुनी चीजवस्तू पदरात घ्यायची. वाल्मीकींनी या चालीवर ‘सलाम’ नावाची कथाही लिहिली. परदेशी पाहुण्यांच्या वर्णनांत लग्नाचे शेकडो विधी सापडतील. हा विधी मात्र मला त्यांत आढळलेला नाही. तोही परंपरागतच होता.

महाराष्ट्रात चित्र निराळे नव्हते. आमच्या मराठवाड्यातल्या गावी वाड्यावरच्या लग्नाला आजोबा लाकडे फोडायला जात. चार दिवस आधीपासून घाव घालायचे आणि लग्नाच्या दिवशी वाड्याच्या मागल्या अंगाला बसायचे. आजी सांगे, ‘‘तुपाचा वास पार आपल्या वस्तीपर्यंत यायचा. पंगत उठली की बोलवायचे.’’ तिला लग्नातला एकही मंत्र आठवत नव्हता. पंगती किती उठल्या ते मात्र आकड्यानिशी आठवत होते. मी घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात साहित्य शिकवताना प्रवासवर्णन हा प्रकार शिकवतो, तेव्हा आजीची ही मोजणी मला कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. भुकेने केलेली नोंद चुकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्वतःचे लग्नही येथे आठवावे. रमाबाईंशी त्यांचा विवाह भायखळ्याच्या बाजारात झाला, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री. एका कोपऱ्यात वराकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडचे. बाजाराचे दगडी ओटे हीच बैठक. पायाखाली गटाराचे पाणी. सकाळी कोळणी येण्यापूर्वी जागा रिकामी करायची. भारतीय लग्न म्हणून या दृश्याचे चित्र कोणी परदेशी चित्रकार काढायला आला नाही.

परदेशी माणसाला हे सारे कसे कळणार, असा प्रश्न बाबासाहेबांनाही पडला होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे लेखन परदेशी वाचकाला समोर ठेवूनच सुरू होते. अस्पृश्यता असते हे त्याला ऐकून ठाऊक असते. पण तिच्या शेजारी तो राहत नसल्यामुळे ती माणसाला कशी चिरडते हे त्याला उमगत नाही, म्हणून ते स्वतःचे आणि इतरांचे प्रसंग सांगतात. या लेखनाचे नावच किती अर्थपूर्ण आहे! परदेशी माणूस व्हिसा घेऊन येतो आणि थेट मांडवात पोहोचतो. येथे जन्मलेला माणूस पाण्यासाठी, मुक्कामाच्या खोलीसाठी, दवाखान्यातल्या उपचारासाठी आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहत उभा आहे.

आता कासगंज. १८३५ साली जेथे पार्क्सबाईंनी लग्नाची शोभा पाहिली, त्याच कासगंजच्या आताच्या जिल्ह्यात निजामपूर नावाचे गाव आहे. २०१८ साली एका जाटव तरुणाने या गावातून घोड्यावरून वरात काढायचे ठरवले. ठाकूर वस्तीतून दलिताची वरात कधी गेली नव्हती, म्हणून विरोध झाला. तो अधिकाऱ्यांकडे गेला, अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. शेवटी १५ जुलै २०१८ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती वरात निघाली. नवरदेव, घोडा, वाजंत्री आणि हत्यारबंद शिपाई! एकशे त्र्याऐंशी वर्षांच्या अंतराने त्याच मुलखातली ही दोन लग्ने. पहिल्याचे वर्णन ‘चित्रमय’ म्हणून ग्रंथात गेले. दुसऱ्याचे वर्णन अर्ज, आदेश आणि पोलिसांच्या नोंदीत गेले.

निजामपूरच्या नवरदेवाला पोलीस मिळाले. कफल्टाच्या वऱ्हाडाला ते मिळाले नव्हते. अल्मोडा जिल्ह्यातल्या या गावात ९ मे १९८० रोजी मंदिरासमोरून जाताना दलित नवरदेवाने पालखीतून उतरावे म्हणून वाद झाला, आणि त्याचा शेवट चौदा दलितांच्या हत्येत झाला. परदेशी पाहुण्याच्या लेखात घोडा आणि पालखी हमखास असतात. घोडा सजवलेला असतो, पालखीला झालर असते. पण या देशात घोड्यावर कोण बसू शकतो, पालखीतून कोणाला उतरवले जाते, हे लिहिल्यावाचून त्या वर्णनाला भारतीय लग्नाचे वर्णन म्हणायचे कसे?

येथे कोणी म्हणेल, पाहुण्यावर एवढा राग का? तो चार दिवसांचा, यजमानाने दाखवले ते त्याने पाहिले. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच माझा मुख्य आरोप पाहुण्यावर नसून यजमानावर आहे. यजमान पाहुण्याला काय दाखवतो ते त्याने आधी ठरवलेले असते. आता तर त्याचा बाजारही झाला. परदेशी प्रवाशांना पैसे घेऊन अनोळखी कुटुंबाच्या लग्नाचे निमंत्रण मिळवून देणारा व्यवसाय २०१६ साली उभा राहिला. परक्याला तिकीट काढून आत येता येते. जातीबाहेरच्या प्रेमविवाहात आपल्याच मुलीच्या जिवावर उठणारी घरे या देशात आहेत, आणि लग्नाच्या दारावर पैसे भरून आत येण्याची सोयही याच देशात आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो ‘पारंपरिक’ हा शब्द. एक परदेशी अभ्यासक आमच्या महाविद्यालयात काही महिने होत्या. त्यांनी विचारले, ‘‘मला एखादे खरे भारतीय लग्न दाखवाल का?’’ मी त्यांना वस्तीतल्या एका लग्नाला नेले. तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा, पांढरी वस्त्रे, त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगलगाथा. अर्ध्या तासात सारे आटोपले आणि लोक जेवायला बसले. पंगत एकच होती. बाईंनी हळूच विचारले, ‘‘मुख्य विधी कधी आहे?’’ मी म्हणालो, ‘‘तुम्ही पाहिला तोच.’’ त्यांच्या चेहऱ्यावर निराशा उमटली. अग्नी नव्हता, ब्राह्मण नव्हता, घोडा नव्हता. बाई मनाने सरळ होत्या. पुढे त्यांनी वस्तीत येऊन पुष्कळ विचारपूसही केली. पण ‘खरे लग्न’ कसे असते हे त्यांना येण्यापूर्वीच दुबुआपासूनच्या ग्रंथांनी शिकवून ठेवले होते.

आमच्या लग्नाला परंपरा नाही काय? २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधा यांचा विवाह भटजीवाचून लागला. विरोध इतका होता की, तो पार पाडणे हेच एक धाडस ठरले. पुढे ब्राह्मणाला न बोलावता लग्न लावणाऱ्यांवर दक्षिणेच्या हक्कासाठी दावे झाले. न बोलावताही ज्याचा हक्क उरतो असा हा एकच पाहुणा! १८८७ साली जोतीरावांनी सत्यशोधक पद्धतीचा पूजाविधी मंगलाष्टकांसह छापला. त्यात वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध विवाहपद्धती घरोघर गेली. तमिळ मुलखात पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने पुरोहितावाचून लग्ने लावली आणि १९६७ साली त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. दीडशे वर्षांची ही परंपरा आहे. फरक इतकाच की, ती माणसांनी विचारपूर्वक निर्माण केली, म्हणून तिला कोणी ‘प्राचीन’ म्हणत नाही, आणि प्राचीन नाही म्हणून ती पाहुण्याला दाखवली जात नाही.

पडद्यावर काही अपवाद घडले आहेत. मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’ला २००१ साली व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. परदेशात भारतीय लग्नाची प्रतिमा ठरवण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. त्यात श्रीमंत पंजाबी घरचे लग्न आहेच. पण मांडव घालणारा दुबे आणि घरकाम करणारी ॲलिस यांचे झेंडूच्या फुलांतले साधे लग्नही आहे. दिग्दर्शिकेने मांडव घालणाऱ्याकडे पाहिले, याचे श्रेय दिले पाहिजे. तरीही त्या दोघांचे लग्न मोठ्या घरच्या आनंदात सामावून घेतले जाते; त्याला स्वतःचा प्रश्न विचारू दिला जात नाही. २०२३ साली ‘मेड इन हेवन’ या मालिकेच्या एका भागात नीरज घेवान यांनी बौद्ध विवाह दाखवला. झगमगत्या लग्नांची मालिका, आणि तिच्यात एक दलित प्राध्यापिका आपल्या पद्धतीने लग्न लागावे म्हणून आग्रह धरते. आमच्या वस्तीत तो भाग लोकांनी एकत्र बसून पाहिला. कित्येकांना आपले लग्न पडद्यावर प्रथमच दिसले.

आणि येथेच एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. ज्या काळात आपले लग्न पडद्यावर येत आहे, त्याच काळात आपण ते आपल्या अंगणातून घालवत आहोत. अर्ध्या तासाच्या विधीपुढे चार दिवसांचा थाट उभा राहतो आहे. हळद, संगीत, भाड्याचा हॉल, लग्नाआधीचे चित्रीकरण, हुंडा. आणि या साऱ्यासाठी सावकाराचे किंवा पतपेढीचे कर्ज. पाहुण्याच्या डोळ्याला जे शोभेल ते आपल्यालाही शोभावे, ही हौस शिकलेल्या माणसांतच अधिक आहे.

मग निजामपूरच्या नवरदेवाने घोड्यासाठी का लढावे? याचे उत्तर महाडने दिलेले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नव्हता. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायचे होते. घोड्याचेही तसेच. जेथे घोडा नाकारला जातो तेथे घोड्यावर बसणे हा हक्क आहे, आणि त्याच्या पाठीशी आपण सर्वांनी उभे राहिले पाहिजे. जेथे कोणी अडवत नाही तेथे कर्ज काढून घोडा आणणे ही नुसती नक्कल आहे. हक्क आणि नक्कल यांतला हा भेद आपल्या तरुणांना समजावून सांगणे हे लेखकांचे आणि शिक्षकांचे काम आहे.

परदेशी पाहुणे येतच राहतील. त्यांनी यावे, पाहावे, लिहावे. त्यांना आम्ही एवढेच सांगू : लग्नाला आलात तर मांडवाच्या मागल्या बाजूलाही एक फेरी मारा. भांडी कोण घासते, पत्रावळी कोण उचलते, हलगी वाजवणारा कुठे जेवतो, कोणाच्या घरी निमंत्रण गेले नाही, हे विचारा. आणि आमच्या लेखकांना सांगणे आहे की, आपल्या लग्नांविषयी आपण लिहिले पाहिजे. जोतीरावांच्या काळात भटजीवाचून लग्न लावताना कोण घाबरले, कोण उभे राहिले. १९५६ नंतर वस्तीतले पहिले बौद्ध लग्न कोणी लावले, कोणत्या घराने पोथी फेकली, कोणत्या घरात देव्हारा लपून राहिला. हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्या तोंडून ते उतरवून घेतले नाही, तर उद्या आपल्या लेकरांना आपल्या लग्नाची माहिती परक्याच्या ग्रंथातून शोधावी लागेल, आणि त्या ग्रंथात आपण नसू.